डबल टाइम आणि दुप्पट टेम्पो : गाण्यात नेमकं काय दुप्पट होतं?

आजचा विषय वरवर पाहिला तर अगदी छोटा आहे. गाणं बसवताना कुणीतरी म्हणतं, "आता इथून डबल घ्या." तालमीच्या खोलीत हा शब्द रोज ऐकू येतो, सगळे माना डोलावतात आणि वाजवायला लागतात. गंमत अशी की या 'डबल'मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एकीला पाश्चात्त्य संगीतात 'डबल टाइम' म्हणतात. दुसरी म्हणजे सरळ टेम्पो दुप्पट करणं. आपल्याकडेही 'दुप्पट' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास चालतो. ज्याला जे समजलं ते तो वाजवतो, आणि मग चार ओळींनंतर गाडी रुळावरून घसरते.

आता आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. या मंडळींना एक खोड असते. एक शब्द दोन अर्थांनी वापरला जातोय असं दिसलं की ती तिथेच बैठक मारतात, उठत नाहीत. आज आपण तशीच बैठक मारणार आहोत. प्रश्न एकच : गाणं 'डबल' झालं म्हणजे त्यातलं नेमकं काय दुप्पट झालं, आणि काय जागेवर राहिलं?

आधी 'टेम्पो' शब्द बाजूला काढू. आपल्याकडे टेम्पो म्हटलं की भाजी वाहणारा टेम्पो डोळ्यांसमोर येतो. संगीतात टेम्पो म्हणजे ठोक्यांचा वेग, मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा. मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक. १२० म्हणजे सेकंदाला दोन. एवढं धरून चालू.

आता समजा, आपल्यापैकी कुणीतरी एक गाणं रचलंय. मुलगा नोकरीसाठी परगावी निघाला आहे. पहाटेची एसटी आहे. आई दारात उभी आहे. मुखड्याच्या ओळीतला शेवटचा शब्द आहे 'थांब'. ओळ आठ ठोक्यांची, टेम्पो ६०, म्हणजे ओळीला आठ सेकंद. पहिल्या चार सेकंदांत बाकीचे शब्द येतात आणि उरलेले चार सेकंद गायिका 'थांब'मधला आकार लांबवते. गाण्याचा सगळा जीव त्या चार सेकंदांत आहे, बरं का. शेवटच्या कडव्यात एसटी सुरू होते. रचनाकाराला वाटतं, इथे गाण्याने वेग घ्यायला हवा. तो वादकांना सांगतो, "डबल."

पहिली शक्यता : सगळ्यांनी टेम्पो दुप्पट केला. ६०चे १२० झाले. गिटारवाल्याच्या कॉर्ड दुप्पट वेगाने बदलू लागल्या, तबलजी दुप्पट वेगात गेला, गायिकाही दुप्पट वेगात गेली. ओळ आठऐवजी चार सेकंदांत संपली. 'थांब'ला मिळाले दोन सेकंद. चार ओळींचं कडवं ३२ सेकंदांचं होतं, ते १६ सेकंदांत उरकलं.

दुसरी शक्यता : डबल टाइम. तबलजी दुप्पट वेगाचं वाजवू लागला. आधी सेकंदाला एक ठोका ऐकू येत होता, आता दोन येतात. पण गायिका आपल्या जागी आहे. कॉर्ड आधी ज्या सेकंदाला बदलत होत्या त्याच सेकंदाला बदलतात. ओळ आठ सेकंदांचीच. 'थांब'ला पूर्वीसारखेच चार सेकंद. कडवं ३२ सेकंदांचंच.

फरक लक्षात आला? पहिल्या प्रकारात आई स्वतःच घाई करते. 'थांब' म्हणतानासुद्धा तिला थांबायला वेळ नाही. दुसऱ्या प्रकारात एसटी घाई करते आणि आई थांबलेली असते. गाण्याचा अर्थच बदलला की नाही? शब्द तेच, चाल तीच, आणि वादकांना दिलेली सूचनाही तीच, "डबल."

इथे आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. या दोन्ही शक्यतांमध्ये तबलजी जवळजवळ एकच गोष्ट वाजवतो! सेकंदाला दोन ठोके. तुम्ही फक्त त्याचंच ध्वनिमुद्रण वेगळं काढून ऐकलंत, तर हा डबल टाइम आहे की टेम्पो दुप्पट झालाय, हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणजे हा फरक तबल्यात नाही. एकट्या गळ्यातही नाही. तो आहे गाण्याच्या दोन थरांमधल्या नात्यात. तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो की 'उंच' हा गुण वाटतो, पण 'अधिक उंच' हा संबंध असतो. त्याला दुसरा कुणीतरी लागतो. डबल टाइम हा तसा संबंध आहे. त्याला साक्षीदार लागतो. कुणीतरी जागेवर राहिलेलं असावं लागतं, तरच दुसरा दुप्पट झालाय हे कळतं. टेम्पो दुप्पट करताना मात्र सगळेच एकदम निघतात, मागे कुणीच उरत नाही.

आजच्या व्याख्यानातलं मुख्य सूत्र एवढंच आहे. आता ते वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघू.

पहिलं उदाहरण ब्लूजचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेला हा प्रकार. त्याचा सर्वांत प्रसिद्ध साचा १२ बारांचा, प्रत्येक बारमध्ये चार ठोके. म्हणजे ४८ ठोके. टेम्पो ६० असेल तर एक फेरी ४८ सेकंदांची. साध्या रूपात पहिले चार बार मूळ कॉर्ड चालते आणि पाचव्या बारला ती बदलते, म्हणजे १६ सेकंद झाल्यावर. आता टेम्पो दुप्पट केला तर फेरी २४ सेकंदांत संपेल आणि ती कॉर्ड आठव्या सेकंदालाच बदलेल. डबल टाइम घेतला तर ड्रमवाला १२०चा वाजवल्यासारखा वाजवेल, पण फेरी ४८ सेकंदांचीच आणि कॉर्ड बदलणार सोळाव्या सेकंदालाच. कागदावर लिहिताना कुणी नव्या ठोक्याने मोजलं तर त्याला २४ बार दिसतील, जुन्या ठोक्याने मोजलं तर १२. घड्याळाला बारांशी देणंघेणं नाही. ते दोघांनाही ४८ सेकंदच दाखवणार.

जॅझमध्ये संथ गाणं वाजवताना ही युक्ती नेहमी वापरतात. पहिली फेरी संथ. मग सॅक्सोफोनवाला आपला भाग वाजवायला लागला की साथीदार डबल टाइममध्ये जातात, वातावरण तापतं, आणि शेवटच्या फेरीला सगळे पुन्हा संथ ठोक्यावर उतरतात. ते इतक्या सहज उतरतात याचं कारण उघड आहे. मूळ ठोका कुठे गेलेलाच नव्हता. टेम्पो दुप्पट केला असता तर जुना वेग आठवून परत यावं लागलं असतं, आणि वेगाच्या बाबतीत आठवण फार फसवी असते.

आता आपल्या घरी येऊ. हिंदुस्थानी संगीतात 'दुगुन' आहेच. धृपद गाणारे चौतालातलं पद आधी ठाय लयीत म्हणतात, मग दुगुन, तिगुन, चौगुन करतात. चौताल १२ मात्रांचा. एका आवर्तनाची ओळ दुगुनीत म्हटली तर तिला सहा मात्रा पुरतात. ती एकदाच म्हणून समेवर यायचं असेल तर सातव्या मात्रेपासून सुरू करावी लागते. तिगुनीत चार मात्रा पुरतात, म्हणून नवव्यापासून. चौगुनीत तीन, म्हणून दहाव्यापासून. हे गणित विद्यार्थ्यांच्या अंगात मुरावं म्हणून परीक्षांमध्ये हातावर ताल देऊन ठेका दुगुनीत, चौगुनीत म्हणायला लावतात. हात चालतो जुन्या वेगाने, तोंड चालतं दुप्पट. ज्या मुलाचा हात तोंडाबरोबर पळू लागतो, त्याला गुरुजी थांबवतात. का थांबवतात? कारण त्याचा साक्षीदारच पळाला. दुगुन गेली आणि नुसती लय वाढली.

आता इथे एक मजेदार उलटापालट दिसते. आपल्या एसटीच्या गाण्यात गायिका जागेवर होती आणि तबला दुप्पट झाला. धृपदाच्या दुगुनीत पखवाज आपल्या जागी आहे आणि गाणारा दुप्पट झालाय! म्हणजे जागेवर कोण थांबणार हे ठरलेलं नसतं. कधी गाणं घड्याळ होतं आणि वाद्यं पळतात. कधी ताल घड्याळ होतो आणि गाणं पळतं. पण दोघांपैकी एक जण थांबलेला असतोच.

पहिला प्रकारही आपल्याकडे आहे, बरं का. दादरा किंवा गझल ऐकताना आठवून बघा. गायक एकच ओळ घोळवत राहतो, घाई अजिबात नाही, आणि तबलजी लग्गी सुरू करतो. दुपटीत, कधी चौपटीत बोलांची लड सुटते. ऐकणारे खूश होतात. मग तिहाई येते आणि तबला पुन्हा मूळ ठेक्यावर बसतो. ओळ आपल्या चालीनेच चालू होती. डबल टाइम हे नाव आपल्याकडे नव्हतं, पण गोष्ट होती.

आता तिसरा प्रकार बघू. यात जागेवर थांबणारा ऐकूच येत नाही. १९४६ साली मार्चमध्ये चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाने डायल कंपनीसाठी 'अ नाइट इन ट्युनिशिया' ही डिझी गिलेस्पीची रचना ध्वनिमुद्रित केली. त्यात एका ठिकाणी चार बारांची मोकळी जागा आहे. बाकी सगळी वाद्यं गप्प होतात आणि पार्कर एकटा वाजवतो. त्या चार बारांत त्याने डबल टाइममध्ये स्वरांचा असा काही पाऊस पाडला की त्या दिवसाचा एक अपुरा तुकडा केवळ त्या जागेसाठी जपून ठेवला गेला आणि पुढे 'फेमस आल्टो ब्रेक' या नावाने प्रसिद्ध झाला. आता विचार करा. तिथे ड्रम नाही, बास नाही, ठोका कुणीही वाजवत नाही. मग तो दुप्पट कशाच्या? प्रत्येक वादकाच्या मनात चाललेल्या मूळ मोजणीच्या! ते चार बार संपल्यावर सगळ्यांना एकाच क्षणी आत यायचं असतं. साक्षीदार होता, फक्त तो बोलत नव्हता. उत्तम वादकवृंद आणि सामान्य वादकवृंद यांतला फरक अनेकदा या न बोलणाऱ्या मोजणीत असतो.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. टेम्पो वाढवणं ही काही हलक्या प्रतीची गोष्ट नाही. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिचे नियम वेगळे आहेत.

पहिला नियम असा की टेम्पो कुठल्याही आकड्याला जाऊ शकतो. ६०वरून ६४, ७१, ९०, काहीही. तो हळूहळू चढू शकतो. डबल टाइमला ही मोकळीक नाही. तिथे एकास दोन हे पक्कं प्रमाण आहे, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. टेम्पो म्हणजे उतरंडीचा रस्ता, हवं तिथे उभं राहता येतं. लेड झेपलिन या इंग्लिश बँडचं १९७१ सालचं 'स्टेअरवे टू हेवन' संथ सुरू होतं आणि त्याचा ठोका पुढे पुढे चढत जातो. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडचं १९७३चं 'फ्री बर्ड' आधी संथ चालतं आणि शेवटच्या गिटारच्या भागात ठोकाच वेगवान होतो. या गाण्यांतल्या वाढीला डबल टाइम म्हणणं चूक आहे. तिथे सगळा संच एकत्र निघालेला आहे.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. टेम्पो खूप वाढला की जुने शब्द टिकत नाहीत. आपल्या ख्यालगायकीने यावर काय तोडगा काढला ते बघा. बडा ख्याल विलंबित लयीत चालतो. गायक त्याची लय थोडीथोडी वाढवतोही. पण एका मर्यादेपलीकडे तोच ख्याल ताणत नाहीत. तो थांबवतात आणि द्रुत लयीत छोटा ख्याल घेतात. राग तोच, बंदिश वेगळी. का बरं? विलंबितातली बंदिश मोठमोठ्या स्वरांसाठी, लांब श्वासांसाठी बांधलेली असते. तिला कितीतरी पट वेगात पळवली तर शब्दांचं पीठ होईल. म्हणून आपल्या परंपरेने ठरवलं की वेगच बदलायचा असेल तर कविताही बदलावी. गाणी लिहिणाऱ्यांनी हे मनावर कोरून ठेवावं. टेम्पो दुप्पट करायचा असेल तर त्या भागासाठी शब्द नव्याने लिहावे लागतात. डबल टाइम घ्यायचा असेल तर जुने शब्द चालतात, कारण त्यांचा वेळ कुणी काढून घेतलेला नसतो.

मराठीत तर हे फारच जाणवतं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ तितकंसं पाळत नाही, संदर्भावर भागवून नेतो. पण गाण्यात दीर्घ स्वराला लांबवायला जागा मिळते तेव्हा तो अर्थ उमटतो. टेम्पो दुप्पट केला की पहिला बळी जातो तो या दीर्घ स्वरांचा. दुसरा जातो श्वासाचा. तिसरा जातो शब्दांमधल्या मोकळ्या जागांचा, आणि पुष्कळदा गाण्यातलं दुःख त्या मोकळ्या जागांतच राहत असतं.

मोकळ्या जागेचा विषय निघालाच आहे तर शार्ङ्गदेवांकडे गेलं पाहिजे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असताना त्यांनी 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. लयीची त्यांची व्याख्या विलक्षण आहे. टाळी किंवा आघात म्हणजे लय, असं ते म्हणत नाहीत. एका क्रियेनंतर येणारी विश्रांती म्हणजे लय, असं ते सांगतात. द्रुत सर्वांत जलद, तिच्या दुप्पट विश्रांती मध्य लयीत, त्याच्याही दुप्पट विलंबितात. म्हणजे लय ठोक्यात नाही. ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आहे.

ही व्याख्या आपल्या प्रश्नाला लावली की चित्र लख्ख होतं. टेम्पो दुप्पट केला म्हणजे ती विश्रांतीच निम्मी केली. डबल टाइममध्ये मूळ क्रियांमधली विश्रांती तेवढीच राहते, आपण तिच्या आत नवा आघात ठेवतो. घराच्या दोन भिंती जवळ आणणं वेगळं आणि त्याच भिंतींमध्ये आणखी एक पडदा लावणं वेगळं. पडदा काढला की खोली पुन्हा तेवढीच.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही याचा धागा सापडतो. संत ऑगस्टिन यांनी 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय, याचा शोध घेतला आहे. तिथे त्यांना एक अडचण येते. लहान ओळ रेंगाळत म्हटली तर ती भराभर म्हटलेल्या मोठ्या ओळीपेक्षा जास्त वेळ घेऊ शकते. मग ओळीने काळ मोजायचा तरी कसा? ऑगस्टिन यांची ही अडचण म्हणजे टेम्पोचीच अडचण आहे. अक्षरांची मोजणी आणि प्रत्यक्ष गेलेला वेळ या दोन गोष्टी वेगळ्या, आणि आपण त्यांची सतत गल्लत करतो. वादक जेव्हा म्हणतो की "मी दुप्पट वाजवलं", तेव्हा त्याने ठोके दुप्पट केले की वेळ निम्मा केला, हे विचारायलाच हवं.

तुम्ही म्हणाल, आता मशीन आहेत, आकडा लावला की काम झालं. योहान मेल्त्सेल यांनी १८१५मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं आणि बेटोव्हनसारख्या रचनाकाराने १८१७मध्ये आपल्या सिंफनींसाठी आकडे प्रसिद्ध केले, हे खरं. पण मेट्रोनोमचा आकडा कधीच एकटा नसतो. 'अमुक स्वरचिन्हाला ६०' असं लिहावं लागतं. कशाला ६०, हे सांगितलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. आजच्या संगणकांचीही तीच गत. गाण्याचा टेम्पो शोधून देणारी सॉफ्टवेअर एकाच गाण्याला कधी ७० सांगतात, कधी १४०. हल्लीच्या ट्रॅप संगीतात तर १४०चा आकडा लावतात, पण स्नेअर इतक्या विरळ ठेवतात की मान ७०ला डोलते, आणि वरून हाय-हॅटची बारीक बारीक सर चालू असते. मशीन ठोके मोजतं. गाण्याची ओळ कुठे सुरू होते आणि कुठे विसावते हे माणसालाच ऐकावं लागतं.

आता एक घरगुती प्रसंग घेऊ. गणपतीतली आरती. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट. आरती सुरू असते, टाळ्या पडत असतात. पोरं टाळ्या दुप्पट करतात. आरती मात्र तेवढ्याच चालीने चालू असते. हा झाला डबल टाइम, आणि फार सुंदर वाटतो तो. थोड्या वेळाने काय होतं? झांज वाजवणारा पोरांच्या टाळ्यांना जरा जरा पुढे ओढतो. म्हणणारी माणसं झांजेबरोबर पुढे सरकतात. शेवटच्या आरतीपर्यंत शब्द गिळले जातात, आजी मागे पडते आणि प्रसादाच्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष लागतं. बघा, सुरुवात डबल टाइमने झाली आणि शेवट टेम्पो वाढण्यात झाला. मधे नेमकं काय घडलं? मूळ ठोका धरून बसलेलं माणूस उरलं नाही. पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे आजीच असते. तिचा आवाज क्षीण असतो, पण तिच्या म्हणण्यावर सगळी आरती टेकलेली असते. तिच्याकडे कान ठेवला तर पोरांनी टाळ्या चौपट केल्या तरी बिघडत नाही.

इथून आपल्याला आणखी एक गोष्ट कळते, ती ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल. टेम्पो वाढतो तेव्हा श्रोता नव्या वेगाची तुलना जुन्या वेगाच्या आठवणीशी करतो. सुरुवातीला अंगावर रोमांच येतो, पण काही वेळाने जुना वेग विसरला जातो आणि नवा वेगच नेहमीचा वाटू लागतो. मग उत्साह टिकवायला टेम्पो आणखी वाढवावा लागतो. डबल टाइममध्ये दोन्ही वेग एकाच वेळी कानावर पडत असतात. संथही आहे, चपळही आहे. म्हणून त्यातला ताण विरत नाही. जाणारा आणि थांबणारा असे दोघे ज्या गाण्यात असतील, तिथे डबल टाइम शोभतो. जिथे सगळ्यांनी मिळून निघायचं असेल, मिरवणूक असेल, नाच असेल, आनंदाचा कळस असेल, तिथे टेम्पो वाढवावा. मागे थांबणारं तिथे कुणी नसतंच.

गाणी रचणाऱ्या तरुण मंडळींसाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक. घड्याळ लावून मुखड्याची एक ओळ मोजा. 'डबल'च्या आधी किती सेकंद, नंतर किती? तेवढेच असतील तर डबल टाइम. निम्मे झाले तर टेम्पो दुप्पट. मधलंच काही निघालं तर संच घसरलाय, तालीम थांबवा.

दोन. वादकांना नुसतं "डबल" म्हणू नका. "ओळ तेवढीच, तबला दुप्पट" असं म्हणा, किंवा "सगळंच दुप्पट" असं म्हणा. कागदावरही तसंच लिहा. भातखंड्यांच्या स्वरलिपीची सवय असेल तर काम आणखी सोपं. एका मात्रेत दोन स्वर असतील तर त्या पद्धतीत खाली कंस काढून ते एकत्र बांधतात. कंस दिसला की मात्रा तीच आहे, आतली गर्दी वाढली आहे, हे डोळ्यांनाच कळतं.

तीन. जागेवर कोण थांबणार हे नावानिशी ठरवा. गायिका? बास? की टाळ? ज्याला ठरवाल त्याला सांगा की बाकीचे कितीही पळाले तरी तू हलायचं नाहीस. हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. शेजारी तबला दुप्पट चालू असताना लांब स्वर शांतपणे धरून ठेवायला मोठा संयम लागतो.

चार. परत येऊन बघा. आठ ओळी दुप्पट वाजवा आणि मूळ चालीवर उतरा. सहज उतरलात तर मूळ ठोका सगळ्यांच्या मनात जिवंत होता असं समजा.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न आला आहे, तो घेतो. त्यांनी विचारलंय, "हाफ टाइम म्हणजे मग काय?" उत्तर तुम्हीच देऊ शकाल. तबला निम्मा करायचा, ओळ तेवढीच ठेवायची. गाणं आहे त्याच वेगाने चाललेलं असतं, पण खालची जमीन एकदम विस्तीर्ण झाल्यासारखी वाटते. आपल्या एसटीच्या गाण्यात याचाही उपयोग आहे. गाडी दिसेनाशी झाली. शेवटचा मुखडा. तबला निम्म्यावर आला, एकेका ठोक्यात दोन-दोन सेकंदांचं अंतर. गायिका तीच ओळ त्याच आठ सेकंदांत म्हणते. 'थांब'ला पुन्हा चारच सेकंद. पण मघाशी त्या चार सेकंदांत आठ ठोके होते, आता दोनच आहेत. दार तेच, आई तीच, आणि आता रस्ता रिकामा आहे. हे तिन्ही प्रकार एकदा मेट्रोनोम ६०वर लावून, नुसत्या टाळीवर, घरी म्हणून बघा. पुढच्या व्याख्यानात आपण तिगुनीकडे, म्हणजे एकात तीन बसवण्याच्या त्रासाकडे जाऊ.